पॉवर भरपूर, पण माझ्या इअरफोनला नको

निकाल आधीच सांगते. भाच्याच्या मोठ्या हेडफोनला हा आवाज वाढवणारा पोर्टेबल अ‍ॅम्प झकास आहे, माझ्या इअरफोनला अजिबात नको. अ‍ॅम्पचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या किमतीतल्या बऱ्याच अ‍ॅम्पची हीच गत आहे. एकट्या कंपनीला कशाला बोल लावायचा?

नागपूरच्या बर्डीतला दुकानदार ओळखीचा. "ताई, घेऊन जा, सावकाश ऐका, पटलं तर पैसे द्या," म्हणाला. खोक्यावरच्या मिलिवॉटच्या आकड्यावर त्याचं बोट होतंच. "पॉवर पाहा ना याची! तुमचे इअरफोन असे वाजतील का बस." आता माझे इअरफोन म्हणजे शुअर कंपनीचे एसई८४६. त्यांना पॉवर द्यायची म्हणजे काय, हे आधी पाहू.

हे इअरफोन ९ ओहमचे (ओहम हे विद्युत अडथळ्याचं, म्हणजे इम्पिडन्सचं माप) आणि संवेदनशीलता, म्हणजे ठराविक पॉवरला होणारा आवाज, ११४ डेसिबल, तीही फक्त १ मिलिवॉटला. ९ ओहममध्ये १ मिलिवॉट म्हणजे जेमतेम ९५ मिलिव्होल्ट. मी ऐकते ते साधारण ७०-७५ डेसिबलला, म्हणजे माझी गरज एका मिलिव्होल्टच्या आसपास. अ‍ॅम्प हाय गेनवर, म्हणजे सिग्नल जास्त वाढवणाऱ्या सेटिंगवर, २ व्होल्ट देतो. हिशोब केला तर १४० डेसिबल होतात. एवढ्यात गाणं राहत नाही, कान फुटतो.

घरी आणून लो गेनवर लावला. गाणं सुरूच केलं नव्हतं, नॉब शून्यावर होता, आणि कानात सूंऽऽ सुरू. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते ना, तसा. आवाज वाढवला तरी तो वाढत नाही, कमी केला तरी जात नाही. कारण तो गाण्यातला नाहीच, नॉबच्या नंतरच्या सर्किटचा आहे. अ‍ॅम्पच्या आऊटपुटवर १० मायक्रोव्होल्ट नॉइज धरला तर या इअरफोनमध्ये तो ३४ डेसिबलच्या आसपास पोचतो. रात्री शांत खोलीत तेवढा स्पष्ट ऐकू येतो. तोच १० मायक्रोव्होल्ट भाच्याच्या सेनहायझर एचडी ६०० मध्ये शून्य डेसिबलच्याही खाली जातो, कारण ते ३०० ओहमचे आणि १ व्होल्टला ९७ डेसिबल देणारे. त्याला काही ऐकू येत नव्हतं आणि मी तक्रार करत होते. "मावशी, काहून नाही म्हणतेस? पॉवर तर भरपूर आहे ना!" भरपूर आहे रे, तेच तर दुखणं.

मला वाटलं होतं, मे महिन्यात कूलरच्या घरघरीत हा सूंऽऽ, म्हणजे हिस, बुडून जाईल. नाही बुडला. शुअर म्हणते की हे इअरफोन बाहेरचा आवाज ३७ डेसिबलपर्यंत अडवतात, आणि कूलरचा बराचसा आवाज त्यांनी खरंच अडवला. कूलर बाहेर, हिस आत. पंख्याखाली, बाहेरचा आवाज आत येऊ देणाऱ्या उघड्या हेडफोनने ऐकणाऱ्याला हा प्रश्न कधी पडायचाच नाही.

जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगमध्ये टेपचा स्वतःचा हिस असतो, त्यामुळे गोंधळ होतो. ओळखायला सोपं आहे. गाणं पॉज करा. सूं थांबला तर टेपचा, चालूच राहिला तर अ‍ॅम्पचा. आमच्याकडे तानपुरे जुळवण्यापासूनच्या रेकॉर्डिंग आहेत, आणि त्यात दोन्ही सूं एकावर एक. विलंबित ख्याल ऐकताना दोन आवर्तनांमधल्या शांततेत ते इतकं टोचतं की लक्ष बंदिशीवर राहतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि खोक्यावर ती छापलेलीच नसते: आऊटपुट इम्पिडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा आतला विद्युत अडथळा. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये काम करते, तेव्हा मोजून टाकला. १०० हर्ट्झचा टोन लावला, मल्टिमीटरवर १०० मिलिव्होल्ट येईपर्यंत नॉब फिरवला, मग १० ओहमचा रेझिस्टर जोडला. आकडा ७७ वर आला. म्हणजे आतला इम्पिडन्स ३ ओहम. ढोबळ नियम असा की अ‍ॅम्पचा इम्पिडन्स इअरफोनच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. ९ ओहमला तो साधारण १.१ येतो. ३०० ओहमच्या हेडफोनला ३ ओहम म्हणजे किस झाड की पत्ती! माझ्या इअरफोनमध्ये मात्र चार बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे चिमुकले स्पीकर, आहेत आणि त्यांचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा. मग अ‍ॅम्पचे ३ ओहम कुठे जास्त खातात, कुठे कमी, आणि सुरांचा तोल ढळतो. मला तबल्याचा बायां आणि तानपुऱ्याची जवारी यांच्यातलं अंतर बदललेलं जाणवलं. वाईट म्हणणार नाही, पण हे माझे इअरफोन वाटेनात.

नॉबचंही सांगते. ऐकण्याजोगा आवाज अगदी सुरुवातीच्या टोकालाच येतो, आणि तिथे डावा कान उजव्यापेक्षा मोठा. साध्या व्हॉल्यूम पॉटचे, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरचे, दोन कानांचे दोन ट्रॅक सुरुवातीला नीट जुळत नाहीत, ही जुनी खोड. गायक मधोमध बसायच्या ऐवजी तबलजीच्या मांडीवर. भाचा नॉब अर्ध्यावर नेतो, तिथे सगळं बरोब्बर.

उपाय आहे. आयफाय कंपनीचा आयईमॅच नावाचा छोटा अडॅप्टर मध्ये लावला. तो सिग्नल १२ किंवा २४ डेसिबलने उतरवतो. १२ वर ठेवला की व्होल्टेज चौथाई, म्हणून नॉइजही चौथाई: ३४ चा २२ डेसिबल होतो. माझ्या खोलीत तो संपलाच. नॉब जरा पुढे नेता आला, दोन्ही कान जुळले. २४ ची गरज पडली नाही. पण अ‍ॅम्पला अडॅप्टर, अडॅप्टरला इअरफोन, फोनला केबल असं लोंबकळतं लचांड घेऊन मेट्रोत सीताबर्डीला गाडी बदलून दाखवा!

म्हणून माझ्यापुरतं उत्तर अ‍ॅपलच्या यूएसबी-सी डोंगलला, म्हणजे फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरला. आऊटपुट १ व्होल्ट, इम्पिडन्स १ ओहमच्या आत, आणि माझ्या कानाला पूर्ण शांत. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो म्हणून लोक कुरकुरतात. या इअरफोनना तो कमी आवाजही पुरून उरतो, उलट व्हॉल्यूमच्या पायऱ्या हाताळायला बऱ्या पडतात. वायर मात्र बारीक, खिशात कोंबायची नाही.

अ‍ॅम्प भाच्याने घेतला. चौदा हजारांत एचडी ६०० ला एवढं मोकळं वाजवणारं खिशातलं यंत्र मी तरी बर्डीत दुसरं ऐकलं नाही. फक्त गेनचा स्विच खालच्या बाजूला आहे आणि टेबलावर घासला की सरकतो. त्यावर मी चिकटपट्टी लावून दिली आहे, आणि माझे इअरफोन त्याला लावायचे तर मला विचारून, नॉब शून्यावर आणून मगच.