स्ट्राइक देणारा आणि काढून देणारा एकच होता

यूट्यूब स्ट्राइकच्या फसवणुकीत माझे ३४,५५० रुपये गेले. आकडा मुद्दाम पुरता लिहितोय, कारण बाजारात ‘दीड लाखाला बुडाला’ अशी चर्चा आहे.

मी सिंधुदुर्गातल्या डबलबारी भजनांचं, म्हणजे दोन भजनी बुवांमधल्या गाण्याच्या सामन्यांचं, शूटिंग करून यूट्यूबवर टाकतो. सहा वर्षं, स्वतःचा कॅमेरा, बुवांची परवानगी. गणपतीच्या तोंडावर एका दुपारी दोन कॉपीराइट स्ट्राइक आले, म्हणजे कुणाच्या तरी तक्रारीवरून यूट्यूबने व्हिडिओ काढून चॅनेलला इशारे दिले. तक्रारदाराचं नाव म्युझिक कंपनीसारखं, ईमेल मात्र जीमेलचा. पाऊण तासात व्हॉट्सॲपवर फोन: “दादा, दोन स्ट्राइक आलेत ना? कंपनीत आपली ओळख आहे, काढून देतो.” तोवर मी बायकोलासुद्धा बोललो नव्हतो. व्हिडिओ उडाल्याचं एखाद्याला दिसेलही, पण इतक्या लवकर, दोन्ही, आणि माझा नंबर हातात? तेव्हा हे सुचलंच नाही. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद, एवढंच डोक्यात होतं.

तक्रार खोटी वाटली नाही, त्यालाही कारण आहे. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा हक्क नाही, पण बुवा गजराला सिनेमाची चाल लावतात, तिथे कुणी हक्क सांगू शकतं. काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे व्हिडिओ चुकून काढलाय असा यूट्यूबकडे उलट दावा, देतो म्हटलं, तर तो फोनवाला म्हणाला, “तुमचं नाव-पत्ता कंपनीकडे जाणार, अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागणार.” दोन्ही खरं आहे. पुढचं त्याने गाळलं: अमेरिकेतल्या कामाच्या १० दिवसांत तक्रारदाराने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो. फॉर्म स्वतः वाचा, शेवटपर्यंत.

त्याला ८,००० पाठवले. चाळीस मिनिटांत एक स्ट्राइक गेला. मी देवापुढे हात जोडले, आणि नेमकं तिथेच ओळखायला हवं होतं! तक्रार मागे घेणं तक्रारदाराच्याच हातात असतं. रविवारी संध्याकाळी कुठल्या कंपनीचं ऑफिस उघडं असतं? ज्याने काढला त्यानेच घातला होता. हे मला उमगलं नाही, आणि मी आणखी २२,५०० दिले, वर जीएसटी म्हणून ४,०५०. बिल मागितलं तर “मेल करतो”. रात्री नवा स्ट्राइक आला आणि मागणी ३५,००० ची.

स्ट्राइक आलेल्या बारीतले बुवाच म्हणाले, “अरे, ती बारी तूच शूट केलंस ना?” मेमरी कार्डावर मूळ फाइल, तारखेसकट, पडून होती. मूळ फाइल कधीही पुसू नका.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” दुसरा: “यूट्यूबवरून किती कमावता?” आरोपीसारखा उभा होतो. तिथून जिल्ह्याला, तिथे “आधी ऑनलाइन तक्रार करा”, ती केली तर “स्थानिक ठाण्यात जा”. चॅटच्या ६४ पानांच्या प्रिंट काढून नेल्या, कुणी चाळल्या नाहीत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ३०८ खंडणीचं. मी ते वाचून गेलो तर साहेब म्हणाले, “कलमं आम्हाला शिकवू नका.” बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्ही टाकलात, व्यवहार वैध. तीन आठवडे झाले, एफआयआर नाही. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला दोन दिवस लावले, ती चूक माझी. तुम्ही पहिल्या तासातच करा.

आता दोन्ही स्ट्राइकवर काउंटर नोटिफिकेशन दिलंय. आज चौथा दिवस. काल त्याच माणसाने दुसऱ्या नंबरावरून फोन केला: “दादा, १५,००० मध्ये मिटवू.” तो कॉल रेकॉर्ड करून ठेवलाय.