मुंबईचं रेशन दुकान, 2020: तांदूळ भरपूर, तेल-मीठ वाण्याकडून

टाळेबंदीत रेशनच्या दुकानाने मुंबईत असंख्य चुली पेटत्या ठेवल्या, हे श्रेय आधी द्यायलाच हवं. पाच माणसांच्या प्राधान्य कार्डाचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या यादीत नाव असलेल्या कार्डाचा, हिशोब बघा. महिन्याचं नेहमीचं धान्य म्हणजे तेव्हा किलोला 2 रुपये दराने 15 किलो गहू आणि 3 रुपये दराने 10 किलो तांदूळ, एकूण 60 रुपये. एप्रिल ते जून त्यावर माणशी 5 किलो तांदूळ फुकट. म्हणजे 50 किलो धान्य!

ते दहा बाय दहाच्या खोलीत ठेवायचं कुठे? पावसाळी दमट हवेत पोरकिडे लागतात. कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवलं तरच टिकतं. गहू दळायला गिरणी उघडी हवी. शिवाय नेहमीचं धान्य आधी आणि फुकटचं नंतर, त्यामुळे रांगही दोनदा. साथीत हे फार चुकलं.

केशरी कार्ड असून प्राधान्य यादीत नाव नसलेल्यांची जास्त ओढाताण झाली. त्यांना मे-जूनमध्ये गहू 8 आणि तांदूळ 12 रुपयांनी मिळाला. तेवढ्याच 25 किलोचे 240 रुपये, आणि फुकटचं काहीच नाही. रिक्षा बंद, घरकाम बंद, तेव्हा 240 ही रक्कम लहान नव्हती.

तेल, मीठ, तिखट, चहा वाण्याकडूनच. पगार चालू असलेल्या घरांनी महिन्याचं सामान एकदम भरलं, सोसायटीच्या गेटवर भाजी उतरवून घेतली. रोजंदारीवाल्या घरात मात्र पावशेर साखर, दहा रुपयांचं तेल, तेही रोज. सुटं घेतलं की किलोमागे महाग पडतं, आणि रोज घेतलं की रोज गर्दीत जावं लागतं. कमाई तुटपुंजी, म्हणून आजाराशी गाठ पडायची शक्यताही जास्त. 11 ते 17 मे वाशीचा घाऊक भाजी-धान्याचा बाजार बंद होता, तेव्हा भाजी आधी सुटली ती याच घरांतून. वाण्याची मोठी सोय उधारीच्या वहीची. ती मोबाइलवरच्या दुकानात नाही.

धान्य घेताना यंत्रातून निघालेली पावती मागाच. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो ओळखीच्या वाण्याच्या काट्यावर ताडून बघा. कमी भरलं तर पावती जपून ठेवा आणि 1967 वर तक्रार करा.