जुनं .३२ स्मिथ अँड वेसन: आय-फ्रेम की जे-फ्रेम?
ग्वाल्हेरात, लश्करकडे, परवान्यावरचं जुनं .३२ (इंची बोअरचं) स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर बघायला गेलात तर ‘छोटे सगळे सारखेच’ हे ऐकून सोडून द्या. फ्रेम म्हणजे रिव्हॉल्व्हरचा सांगाडा, आय नि जे ही त्याची मापं. आय-फ्रेम .३२ लाँग या काडतुसाच्या मापाची, ते जेमतेम ३२.५ मिमी लांब. .३८ स्पेशल काडतूस ३९ मिमीच्या आसपास, म्हणून १९५० मध्ये चीफ्स स्पेशल या मॉडेलसाठी लांब सिलिंडरची जे-फ्रेम आली.

ओळख मुठीत आहे. पुढच्या कडेला खाली बारीक स्क्रू दिसला, तर आत पट्टीची स्प्रिंग, म्हणजे जुनी आय. पन्नाशीच्या दशकात गुंडाळीची स्प्रिंग आली नि स्क्रू गेला. हा स्क्रू सैल झाला, किंवा ट्रिगर हलका करायला कुणी घासला (हा उद्योग फार चालतो), की घोडा (हॅमर) मंद पडतो आणि प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर) नुसती टोचणी उठते, बार उडत नाही. स्प्रिंग बदलण्याआधी स्क्रू घट्ट आवळलाय का बघा.

घेण्यापूर्वी रिकामं करून ट्रिगर दाबून धरा, सिलिंडर हलवा. पुढेमागे खेळ जाणवला तर किंमत पाडा. हातात आय जास्त सुबक, पण जे-चे सुटे भाग मिळायला सोपे; रोज बाळगायचं असेल तर जे-च.