फासे हातात असताना की चहा पिताना? वॉरगेममधली चूक नेमकी कधी दाखवायची

वॉरगेम म्हणजे टेबलावर छोट्या मॉडेल्सच्या फौजा लढवायचा फाशांचा खेळ. समोरच्यानं मूव्हमेंट फेजमध्ये, म्हणजे टर्नमधल्या हालचालीच्या टप्प्यात, एक युनिट (तुकडी) अ‍ॅडव्हान्स केलं, म्हणजे फासा टाकून चार इंच जास्तीचं पळवलं. आता चार्ज फेज, म्हणजे शत्रूवर धावून जायचा टप्पा, आलीय आणि त्याच युनिटसाठी तो दोन फासे मुठीत खुळखुळवतोय. वॉरहॅमर ४०,००० च्या दहाव्या आवृत्तीत अ‍ॅडव्हान्स केलेल्या युनिटला, तशी खास मुभा नसेल तर, त्याच टर्नला चार्ज करता येत नाही. तुम्हाला हे माहीत आहे, त्याच्या डोक्यातून निसटलंय. फासे ताटात पडायला दोन-तीन सेकंद उरलेत. (ताटात, कारण आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत ज्या वरच्या खोलीत खेळतो तिथं फरशीवर फासे पडले की खालच्या मजल्यावरून हाक येते.)

आता बोलायचं, टर्न संपल्यावर बोलायचं, मॅच झाल्यावर बोलायचं, तिसऱ्याला विचारायचं की गप्प बसायचं? आमच्यात नव्यानं आलेल्या एका पोरानं हा प्रश्न इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारला की उत्तर लिहूनच काढावं म्हटलं. पाचही प्रकार मी करून बघितलेत. त्यातले दोन अंगाशी आलेत.

आधी चूक कुठल्या जातीची आहे ते बघावं लागतं. नियम मोडला जाणं वेगळं आणि स्वतःचा हक्क विसरणं वेगळं. अ‍ॅडव्हान्स करून चार्ज करणं ही पहिली जात. समोरच्यानं एका युनिटनं शूट करायचंच राहून दिलं, ही दुसरी. पहिली दाखवावीच लागते, कारण त्यात दोघांचा खेळ बिघडतो. दुसरीत मात्र तुमच्यावर काही बंधन नाही. मी नव्या माणसाला पहिल्या तीन-चार मॅच आठवण करून देतो, नंतर देत नाही. दर टर्नला "तुझं ते कोपऱ्यातलं राहिलं बघ" म्हणत बसलं तर दोन्ही बाजू मीच खेळतोय असं होतं, आणि त्यालाही ते फार दिवस आवडत नाही.

मधली एक जात फसवी आहे. युनिट निम्म्याच्या खाली आलं की त्याच्या मालकानं स्वतःच्या कमांड फेजमध्ये बॅटल-शॉकची चाचणी घ्यायची असते, म्हणजे तुकडी हबकली का ते फाशांनी बघायचं. ती विसरली तर "विसरला बिचारा" असं वाटतं, पण तो हक्क नव्हे, देणं आहे. देण्याची आठवण दोघांनीही ठेवायची. मी माझ्या चाचण्या मोठ्यानं बोलून घेतो, म्हणजे समोरच्यालाही आपल्या आठवतात. चूक न दाखवता चूक टाळण्याची ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे.

आणखी एक. या चुका बहुतेक वेळा लबाडीच्या नसतात, हाताच्या सवयीच्या असतात. आठवी आवृत्ती २०१७ ला आली, नववी २०२० ला, दहावी २०२३ ला. नवव्यापर्यंत टर्नच्या शेवटी मोराल (मनोधैर्याची) फेज असायची, दहाव्यात ती काढून टाकली. सायकिक फेजही गेली, आणि सातच्या पाच फेजेस झाल्या. ज्यानं शंभर मॅच जुन्या पद्धतीनं खेळल्यात त्याचा हात टर्नच्या शेवटी आपोआप फाशांकडे जाणारच. त्याच्या हेतूवर शंका घेऊन बोललात तर पुढचं सगळं बिघडतं.

आता मुख्य तुलना. लगेच बोलणं विरुद्ध थोडं थांबणं.

लगेच बोलण्याचा फायदा सरळ आहे: अजून काही घडलेलं नसतं. फासे मुठीत असताना "थांब की, हे पळालं होतं ना?" एवढं म्हटलं की तो फासे खाली ठेवतो आणि दहा सेकंदांत गाडी पुढे जाते. तोच मुद्दा फासे पडल्यावर काढला तर त्याचा वास बदलतो. अकरा पडले आणि मग तुम्ही बोललात, तर त्याच्या मनात येणारच की तीन पडले असते तर हा बोलला असता का? तुम्ही खरोखर तेव्हाच लक्षात आलं म्हणून बोललात तरी ते सिद्ध करता येत नाही. म्हणून माझा कल ठाम आहे: शंका आली त्या क्षणी बोला, खात्री नसली तरी. "हे जरा बघूया का" म्हणायला खात्री लागत नाही.

तोटा एकच, पण खरा आहे. समोरचा विचारात गढलेला असताना दर दोन मिनिटांनी थांबवलं तर त्याचा खेळ तुटतो. हिशेबाच्या बारीक चुका, म्हणजे हल्ल्याची स्ट्रेंग्थ (ताकद) समोरच्याच्या टफनेसच्या (चिवटपणाच्या) दुप्पट असताना तो दोनऐवजी तीनपासून पुढचे फासे उचलतोय असलं काही, तिथं थांबवूसुद्धा नका. नुसतं "दोनपासून धर" म्हणा, तो धरतो.

थांबायचं तर किती थांबायचं, याला इतर खेळांनी उत्तर शोधून ठेवलंय. क्रिकेटमध्ये अपील करायचं तर बोलर पुढच्या बॉलसाठी धावायला लागायच्या आत. एकदा तो निघाला की आधीच्या बॉलवर बॅट्समन आऊट होता हे साऱ्या मैदानाला कळलं तरी उपयोग नाही. बुद्धिबळात दोन पद्धती आहेत. क्लासिकल प्रकारात नियमबाह्य चाल डाव चालू असताना सापडली तर चुकीच्या आधीची स्थिती पुन्हा मांडतात. पुरेसे पंच नसलेल्या रॅपिड स्पर्धेत मात्र प्रतिस्पर्ध्यानं पुढची चाल केली की चूक पचली, दोघांनी मिळून ठरवलं तरच मागे जाता येतं.

आम्ही सुरुवातीला क्लासिकलवाले होतो. मग एका रविवारी तिसऱ्या राऊंडमध्ये लक्षात आलं की दुसऱ्या राऊंडमधला एक चार्ज चुकीचा होता. दोघेही सज्जन, म्हटलं मागे जाऊ. त्या चार्जमध्ये मेलेली पाच मॉडेल्स परत उभी केली. पण ती उभी नेमकी कुठं होती? एक म्हणतोय थर्मोकोलच्या भिंतीच्या अलीकडे, दुसरा म्हणतोय पलीकडे. भिंतीच्या अलीकडे असती तर माझ्या तोफखान्याला दिसली असती, मग माझं शूटिंग वेगळं झालं असतं, मग त्याचा सरदार मेला असता की नसता? पाऊण तास गेला. चहावर साय धरली. शेवटी मॅच अर्धवट टाकून आम्ही सामान आवरलं. बुद्धिबळात मागे जाता येतं कारण प्रत्येक चाल लिहिलेली असते. चव्वेचाळीस बाय साठ इंचाच्या टेबलावर शंभरेक मॉडेल्स, अर्धा इंच इकडे की तिकडे हे कोण लिहून ठेवणार?

तेव्हापासून आम्ही रॅपिडवाले झालो. त्याच फेजमध्ये सापडलं तर दुरुस्त करायचं, फेज ओलांडली तर "राहू दे, पुढच्या टर्नपासून बरोबर". अपवाद फक्त नुसत्या आकड्यांचा, गुण मांडायचे राहिले असतील तर कधीही मांडता येतात. त्यात काही उभं करावं लागत नाही.

मॅच झाल्यावर सांगणं ऐकायला सभ्य वाटतं. माझ्या अनुभवात पाचांपैकी सगळ्यात वाईट प्रकार हाच. एकजण दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याविरुद्ध जिंकला. खूश होऊन त्यानंच मिसळ खायला नेलं. कट ओतून घेता घेता मी अगदी सहज म्हणालो की तुझं ते चौथ्या राऊंडमधलं तसं चालत नाही हं, पुढच्या वेळी लक्षात ठेव. शिकवण्याचाच हेतू होता. त्याच्या कानाला मात्र "तू जिंकलाच नाहीस" एवढंच ऐकू आलं. तो हसला, पैसे त्यानंच दिले, आणि नंतर दोन महिने खेळायला त्याला वेळ मिळाला नाही. सांगायचंच असेल तर दोन दिवस जाऊ द्या, आणि पुढच्या मॅचच्या आधी, मॉडेल्स मांडताना, "परवा मला एक नियम नव्यानं कळला" म्हणून सांगा. जिंकलेल्या माणसाला त्याच दिवशी तर मुळीच नको. तुम्ही जिंकला असाल तर त्याहून नको.

गप्प बसणं? ज्याची आयुष्यातली पहिली मॅच आहे त्याच्यासमोर छोट्या चुकांवर गप्प बसा, खुशाल. मात्र चूक तुमच्या फायद्याची असेल आणि तुम्हाला कळली असेल, तर तिथं शिष्टाचाराचा प्रश्नच येत नाही. ती लबाडी आहे. स्वतःची चूक स्वतःहून आणि आधी सांगणाऱ्या माणसाकडून बाकीचे सगळे नियम मुकाट ऐकून घेतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

राहिला तिसरा माणूस. वॉरगेमचा जन्मच त्याच्याबरोबर झाला म्हणायला हरकत नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झ या अधिकाऱ्याचा क्रीग्सश्पील हा युद्धखेळ आला, त्यात खेळाडू पंचाला नुसते हुकूम द्यायचे आणि फासे, तक्ते, निकाल सगळं पंचाकडे असायचं. नियम चुकण्याची सोयच नव्हती. आपण पंच घालवला आणि त्याचं काम एकमेकांच्या डोक्यावर घेतलं, म्हणून हा आढावा लिहायची वेळ आली. स्पर्धेत जज असतो, तिथं संकोच न करता हात वर करा. तक्रार केली असा त्याचा अर्थ होत नाही. घरच्या मॅचला मात्र तिसरा म्हणजे बघ्या, आणि शाहू महाराजांनी खासबाग बांधलेल्या गावात बघ्या गप्प बसेल ही आशा सोडा. इथं कुस्ती लागली की पंचाच्या आधी कडेचे निकाल देतात. आम्ही एवढंच ठरवलंय की बघ्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर एका बाजूला नव्हे, दोघांना ऐकू जाईल असं बोलायचं. पुस्तकात पाच मिनिटांत सापडलं नाही तर एक फासा: चार ते सहा तुझं, एक ते तीन माझं. घरी जाऊन शोधायचं.

शब्दांचंही सांगतो. बरोबरीच्याला "थांब की भावा" चालतं. आमच्यात एक निवृत्त काका आहेत, बुद्धिबळातून इकडे आलेत. त्यांना "काका, चुकलं" म्हटलं की ते ताठ होतात, "काका, ह्या युनिटला काही वेगळा नियम आहे का हो?" म्हटलं की स्वतःच चष्मा लावून युनिटचं नियमांचं कार्ड वाचतात आणि स्वतःच "अरेच्चा" म्हणतात. शाळकरी पोराला उलट सरळच सांगा. आडून बोललेलं त्याला कळत नाही, आणि सरळ बोललेलं लागतही नाही.

तर त्या मुठीतल्या फाशांचं. मी म्हणालो, "थांब की, हे अ‍ॅडव्हान्स झालंय ना?"

"आयला, व्हय की." त्यानं फासे ताटाच्या कडेला ठेवले. मग कार्ड उचललं, दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "भावा, मग मगाशी ह्यांनीच शूट केलं ते? अ‍ॅडव्हान्स करून फक्त असॉल्टवाल्या बंदुकांनाच चालतंय. ह्यांच्याकडं कुठं असॉल्ट?"

ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या शूटिंगमध्ये माझी दोन मॉडेल्स गेली होती, आणि फेज ओलांडली होती. "राहू दे," मी म्हणालो, "आपलं ठरलंय."

"ठरलंय ते ठरलंय," म्हणत त्यानं टेबलाच्या कडेला आडवी पडलेली माझी दोन्ही मॉडेल्स उचलली, एकाचं वाकलेलं निशाण बोटानं सरळ केलं, आणि साधारण होती तिथं नेऊन उभी केली.