घरच्या पीडीची सेवा : शिकवणी पक्की, रविवार कच्चा

घरी पोटाचं डायलिसिस (पीडी), त्यातही हाताने बॅगा बदलायचं सीएपीडी, करणाऱ्यांसाठी पुण्यातल्या एका किडनी केंद्राची ही सेवा. शिकवणी, डायलिसिसच्या पाण्याच्या घरपोच बॅगा आणि पोटाच्या अस्तराला संसर्ग, म्हणजे पेरिटोनायटिस, झाला तर चोवीस तास फोन. अशी सेवा जोखायची ती पेरिटोनायटिसच्या दिवशी.

शिकवणी चोख आहे. पंखा बंद, खिडकी लावलेली, तोंडाला मास्क, हात धुऊन पूर्ण कोरडे. बॅग जोडली की आधी फ्लश (नळी धुणं), मग फिल (पोटात पाणी भरणं). ओल्या हातांनी जोडणी केली तर नळाच्या पाण्यातले जंतूही आत जातात. टँकरवर भागणाऱ्या सोसायट्यांत सिस्टर हे दोनदा बजावतात. पोटातून निघालेल्या पाण्याची बॅग वर्तमानपत्रावर ठेवायची. खालची अक्षरं वाचता आली नाहीत तर पाणी गढूळ. मग सकाळची वाट बघायची नाही. क्लॅम्प (नळीचा चिमटा) लावून तीच बॅग घेऊन निघायचं. अनेक जण नेमकी ती ओतून टाकतात आणि तपासायला काही उरत नाही.

केंद्रात त्या पाण्यातल्या पेशी मोजतात. पाणी पोटात किमान 2 तास राहिलेलं हवं. मायक्रोलिटरला 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), ही एक खूण; पोटदुखी किंवा गढूळ पाणी, ही दुसरी; कल्चर (पाण्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) पॉझिटिव्ह, ही तिसरी. तिन्हींतलं दोन जुळलं की निदान पक्कं. कल्चरचा निकाल यायच्या आतच अँटिबायोटिक बॅगेतून पोटात सुरू होतं : जंतूंच्या दोन मोठ्या गटांपैकी ग्रॅम पॉझिटिव्हसाठी सेफॅझोलिन किंवा व्हँकोमायसिन, ग्रॅम निगेटिव्हसाठी सेफ्टाझिडिम किंवा अमायनोग्लायकोसाइड. दिवसातून एकदाच द्यायचं असेल तर ती बॅग किमान 6 तास आत ठेवतात. पाण्यात फायब्रिनचे (गोठणाऱ्या प्रथिनाचे) धागे दिसले तर नळी तुंबू नये म्हणून लिटरला 500 युनिट हेपॅरिन. बुरशी होऊ नये म्हणून नायस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोलही देतात, हे विशेष. बऱ्याच ठिकाणी विसरतात.

घोळ रविवारी. पाणी ब्लड कल्चरच्या बाटल्यांत, प्रत्येकी 5 ते 10 मिली, खाटेपाशीच भरतात, इथवर उत्तम. पण लॅबची गाडी सोमवारी येते आणि तोवर बाटल्या फ्रिजमध्ये! त्या 6 तासांत लॅबला पोचायला हव्यात. जमत नसेल तर 37 अंशांवर ठेवायच्या. गारठलेले जंतू उगवत नाहीत, कल्चर निगेटिव्ह येतं आणि पुढचे दोन-तीन आठवडे दोन्ही औषधं अंदाजाने चालतात. विसर्जनाला पेठांतले रस्ते बंद झाल्यावर काय करतात, हे नाव नोंदवण्याआधी विचाराच.

डिस्चार्जच्या कागदावर सरसकट '14 दिवस' छापलंय, तेही बदलायला हवं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्यूडोमोनास हा जंतू निघाला तर 3 आठवडे लागतात. योग्य औषध देऊनही 5 दिवसांत पाणी निवळलं नाही तर सहसा कॅथेटर (पोटात बसवलेली नळी) काढावा लागतो. बुरशी असेल तर लगेच. यातलं एक अक्षर कागदावर नाही.

बॅगांची खोकी मात्र वेळेवर येतात, वाड्याच्या अरुंद जिन्यावरूनसुद्धा वर आणून देतात.