गोबरगॅसवर दोन गणपती काढल्यानंतर

गोबरगॅस बसवला की सिलिंडर बंद होतो असं जो सांगतो, त्याच्या घरी स्वयंपाक दुसरं कोणीतरी करत असणार. आमच्याकडे सिलिंडर बंद झालेला नाही. तो कोपऱ्यात उभा आहे आणि पूर्वीपेक्षा बरेच जास्त दिवस पुरतो. तरी बसवू नका असं मी कुणाला सांगणार नाही. बसवायच्या आधी गोठ्यात सकाळी नक्की किती शेण पडतं, ते मात्र आठवडाभर वजन करून बघा.

घर कुडाळ तालुक्यात, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला. जेवणारी माणसं सहा. गोठ्यात दोन म्हशी, दोन गावठी गायी आणि एक पाडा. गोबरगॅस दोन घनमीटरचा, दीनबंधू पद्धतीचा, म्हणजे जमिनीत पुरलेला विटांचा पक्का घुमट. हे डिझाइन १९८४ साली आलं. त्याच्या आधी सगळीकडे दिसायची ती खादी ग्रामोद्योगाची तरंगत्या लोखंडी टाकीची पद्धत. तशी एक टाकी शेजारच्या आवाटात, म्हणजे वस्तीत अजून आहे. आमच्या खाऱ्या दमट हवेत तिला दरवर्षी रंग काढावा लागतो. एक-दोन वर्षं तो राहून गेला आणि पत्र्याला भोकं पडली. आता तिच्यावर कोंबड्या बसतात. म्हणून आम्ही घुमटच घ्यायचं ठरवलं. वेंगुर्ल्याच्या मावसबहिणीने फुग्याचा, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पिशवीचा घेतला. तो दोन दिवसांत बसला. पण उन्हापासून आणि उंदरांपासून त्याला जपताना तिचा जीव मेटाकुटीला येतो.

आता हिशोब. एक किलो ताज्या शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस होतो. दोन घनमीटर गॅस हवा तर रोज पन्नास किलो शेण पाहिजे. एक घनमीटर गॅस म्हणजे ढोबळमानाने साडेचारशे ग्रॅम सिलिंडरचा गॅस, म्हणून कागदावर महिन्याला १४.२ किलोचे जवळजवळ दोन सिलिंडर वाचतात. बसवून देणारे लोक हाच आकडा सांगतात आणि तो खोटा नाही. खोट पन्नास किलोत आहे.

पुस्तकात म्हशीचं शेण दिवसाला पंधरा किलो आणि गाईचं दहा किलो धरलेलं असतं. आमच्या बुटक्या गायींना २०१८ साली कोकण कपिला म्हणून वेगळी जात अशी नोंदणी मिळाली, त्याचं आम्हाला कौतुकच आहे, पण शेणाच्या बाबतीत त्या पुस्तकातल्या गायी नव्हेत. त्यातून भात कापून झालं की गुरं दिवसभर चरायला मोकळी. अर्धं शेण मळ्यात आणि रस्त्यावर पडतं, गोठ्यात मिळतं ते रात्रीचं. पाटी भरून काट्याला लावली तर आमचं शेण तीस-पस्तीस किलोच्या आसपास भरतं. त्यातलं थोडं सासूबाई खळं, म्हणजे अंगण सारवायला बाजूला काढतात. दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तर विचारूच नका. त्या दिवसांत गोबरगॅसचा नंबर खळ्यानंतर लागतो, आणि त्यावर घरात चर्चा होत नाही.

एवढ्या शेणावर आमचं जे चालतं ते असं. सकाळचा चहा, पेज किंवा घावणे, दुपारचा भात, आमटी नाहीतर माशाची कढी, एवढं सगळं गोबरगॅसवर होतं. संध्याकाळी घुमटात पुन्हा गॅस साठलेला असला तर रात्रीचा भातही होतो. भाकऱ्या मात्र मी सिलिंडरवर भाजते. गोबरगॅसची ज्योत निळी आणि स्वच्छ असते, भांड्याचं बूड काळं होत नाही, पण तिला जोर कमी. या गॅसमध्ये जळणारा मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक सगळा न जळणारा कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे हे व्हायचंच. तांदळाच्या भाकरीला शेवटी मोठी आच लागते, ती मिळाली नाही तर भाकरी फुगत नाही आणि कडा वातड होतात. उलट घावण्यांचा बिडाचा तवा तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की मंद आचेवर घावणे सुंदर सुटतात. मासे उकळायला, डाळ शिजवायला, दूध तापवायला ही आच मला सिलिंडरपेक्षाही आवडते. दूध उतू जायचं प्रमाण खरंच कमी झालं.

शेगडी गोबरगॅसचीच घ्यावी लागते. सिलिंडरच्या शेगडीचं भोक बारीक असतं, त्यातून हा कमी दाबाचा गॅस पुरेसा येत नाही. लायटर रुसतो, काडेपेटी जवळ ठेवा. पेटवण्याआधी सडक्या अंड्यासारखा थोडा वास येतो, पेटल्यावर काही येत नाही. पण ज्या वायूचा तो वास, तोच पितळेची बटणं खातो. आमचं एक बटण घट्ट होऊन बसलं आणि बदलावं लागलं. आणखी एक गोष्ट कोणी आधीच सांगितली असती तर बरं झालं असतं: गॅसबरोबर वाफही येते आणि पाइपात पाणी साठतं. मग ज्योत भकभक करायला लागते, कधी मध्येच विझते. पाइप उताराला हवा, सगळ्यात खालच्या ठिकाणी पाणी काढायची तोटी हवी, आणि पावसाळ्यात ती वरचेवर सोडायला हवी. शेजारच्या काकी पहिल्या पावसात रोज विचारायच्या, "काय गे, पेटता मा तुझो गॅस?" तोटी बसली आणि त्यांचा विषय बदलला.

बांधकामाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण विचारणारे बहुतेक तेच विचारतात. खड्डा उन्हाळ्यातच काढायचा. मिरगानंतर आमच्याकडे खड्डा म्हणजे विहीर. आमच्या खड्ड्यात चार फुटांवर जांभ्याचा कातळ लागला आणि खणणाऱ्यांनी तिथल्या तिथे मजुरी वाढवून मागितली. ती रास्तच होती. गवंडी मात्र असा शोधा, ज्याने आधी घुमट बांधलेला आहे. चिऱ्यांचं सुंदर घर बांधणारा गवंडी घुमट बांधेलच असं नाही. भिंतीला तडा गेला तर तो बुजवता येतो, घुमटाला केसाएवढी चीर राहिली तर तुमचा गॅस आयुष्यभर हवेत जातो. आतला गिलावा एकावर एक थर देऊन करतात, तो चालू असताना घरातल्या एखाद्याने तिथे उभं राहावं. आमच्या यांनी खुर्ची टाकली होती. गवंड्याला ते आवडलं नाही, पण घुमट अजून गळलेला नाही. सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडे आले तर गळती.

खर्च अनुदान न धरता पन्नास हजारांच्या वर गेला, त्यात घरच्यांची मेहनत धरलेली नाही. अनुदान मिळतं, दर बदलत असतात, पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन ताजा दर विचारा. मात्र ते काम झाल्यावर येतं आणि ज्या वेगाने यायचं त्याच वेगाने येतं. त्या पैशांवर विटा सांगू नका. संडास जोडला तर जास्त अनुदान असतं. आम्ही जोडला नाही. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्या गॅसवर नैवेद्य करतलंस?" गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याच्या खताचा एवढा ध्यास घेतला, त्याला कितीतरी दशकं उलटली, आणि कणकवलीपासून जवळच राहणारे आम्ही अजून तिथेच अडलोय. माझी स्वतःची काही हरकत नव्हती, पण नैवेद्य मला त्यांच्याबरोबर उभं राहून करायचा असतो.

शेजारपाजाऱ्यांची खरी गरज पडली ती पहिल्या भरणीला. घुमट रिकामा असताना त्यात एकदम दोनेक टन शेण आणि तेवढंच पाणी लागतं. घरच्या गुरांवर ते जमवायचं तर महिने जातील आणि शेण वाळून जाईल. वाडीतल्या घरांनी पाट्यांनी शेण दिलं, कोणी पैसे घेतले नाहीत, पण प्रत्येकाने एकदा तरी येऊन आत डोकावून पाहिलं. ज्यांच्याकडे आमचं बांधाच्या माडावरून बोलणं बंद होतं, त्यांच्या घरूनही दोन पाट्या आल्या. बोलणं मात्र अजून बंदच आहे. भरल्यावर पहिला गॅस येतो तो जळत नाही, त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि हवाच असते, तो सोडून द्यायचा. लोकांना हे माहीत नसतं. आमच्या खळ्यात तेव्हा सहा-सात जण जमले होते आणि काडीवर काडी विझत होती. पुढचे काही दिवस वाडीत आमची बरीच करमणूक झाली.

रोजचं काम असं: गोठा झाडून शेण कुंडीत टाकायचं, तेवढंच पाणी घालायचं, हाताने कालवायचं, गवताच्या काड्या आणि खडे काढायचे आणि बोळा उपटून काला आत सोडायचा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. काड्या आत गेल्या तर वर साय धरते आणि गॅस अडतो, माती गेली तर तळाला बसून जागा खाते. म्हणून गोठ्याला आधी चिऱ्यांची फरसबंदी करून घ्या, मातीच्या जमिनीवरचं शेण गोबरगॅसला चालत नाही. हे काम घरात कोण करणार ते खड्डा खणण्याआधी ठरवा. आमच्याकडे ते मी करते, माझ्या माहेरपणात हे करतात, आणि त्या दिवसांत गॅस कमी येतो असा सासूबाईंचा दावा आहे.

चतुर्थीला काय होतं तेही सांगते. मुंबईहून दीर-जाऊ, पोरं, आत्या, सगळे मिळून घरात वीस माणसं. सगळे पहिल्या दिवशी गोबरगॅसचे व्हिडिओ काढतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विचारतात, भात का नाही झाला अजून. वीस माणसांचा भात आणि मोदकांचं पातेलं दोन घनमीटरवर होत नाही. तेव्हा सिलिंडर आणि मागची चूल दोन्ही पेटतात. आंघोळीचं पाणी तर आम्ही बारा महिने चुलीवरच तापवतो. नारळाची सोडणं, चुडतं, करवंट्या घरच्या असताना त्यासाठी गॅस जाळणं मला उधळेपणा वाटतो. फरक एवढाच की धूर आता न्हाणीपुरता राहिला, स्वयंपाकघरात येत नाही. सासूबाईंचा सकाळचा खोकला बराच कमी आहे. तो कशाने, ते मी डॉक्टर नसल्यामुळे सांगू शकत नाही.

सगळ्यात मोठी डोकेदुखी आणि सगळ्यात मोठा फायदा एकाच नळीतून बाहेर येतात, ती म्हणजे स्लरी. रोज जेवढा काला आत जातो, तेवढी स्लरी दुसऱ्या बाजूने बाहेर. घाटावर ती उन्हात वाळवतात. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटर पावसात काय वाळणार? पहिल्या आषाढात खड्डा भरून स्लरी पाणंदीत आली आणि व्हाळाकडे निघाली. खालच्या अंगाला काकींची विहीर. त्या आल्या त्या आवाज चढवूनच, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मग स्लरीच्या खड्ड्यावर झापांचं छप्पर घातलं, भोवती चर मारून पावसाचं पाणी वळवलं आणि आत काजूचा, फणसाचा सुका पाला थरांनी टाकायला लागलो. पाला स्लरी पितो आणि कार्तिकापर्यंत त्याचं झकास खत होतं. बाहेरच्या टाकीवर लादी टाकलीच पाहिजे, पावसासाठी आणि लहान मुलांसाठीही. आणि कितीही खोळंबा झाला तरी टाकीत माणूस उतरवू नका. आतला वायू श्वास घ्यायलाही वेळ देत नाही.

त्याच काकी आता थंडीत दोन बादल्या घेऊन येतात. लाल माठाच्या आणि मुळ्याच्या वाफ्यांना त्या पातळ करून स्लरी घालतात. कच्च्या शेणासारखा तिला वास नसतो, माश्या बसत नाहीत, शेणाबरोबर येणारं तणही कमी उगवतं. आमच्या माडांच्या आळ्यांत गेल्या वर्षी बाहेरचं खत पडलं नाही. पहिल्या भरणीला ज्यांनी शेण दिलं, त्यांना स्लरी मागायचा हक्क आहे असं वाडीत आपोआप ठरून गेलंय. त्यामुळे हल्ली स्लरी आम्हालाच कमी पडते. रुपयांत मोजलं तर मला गॅसपेक्षा खताचीच बाजू जड वाटते, पण बसवताना खताबद्दल आम्हाला कोणी एक वाक्य सांगितलं नव्हतं.

कोणी घ्यावा? रात्री बांधलेली चार मोठी गुरं, जवळ पाणी आणि शेणात हात घालायला न लाजणारं घरातलं एक माणूस असेल त्यांनी बिनधास्त घ्यावा. दोन गायी असतील तर एक घनमीटरचा बघा, मोठा घेऊन अर्धपोटी ठेवू नका. म्हशी विकायचा विचार मनात असेल तर घेऊच नका. आवाटातल्या त्या कोंबड्यांच्या टाकीचं खरं कारण गंज नव्हेच, त्या घरातल्या म्हशी आधी गेल्या आणि रंग काढायचा उत्साह त्यांच्यामागून गेला.

आमच्या यांचं आता गोठ्यातलं मूत्रही पाण्याऐवजी कुंडीत घ्यायचं चाललंय, त्यासाठी फरसबंदीला उतार देऊन नाली काढायला हवी. गवंडी शिमग्यानंतर येतो म्हणालाय.