मासे न मारता फोटो काढायची ॲक्रिलिकची पेटी

साडेसहाशेला ऑनलाइन मागवली. लांबी 15 सेंटीमीटर, रुंदी जेमतेम 4. आत मागेपुढे सरकणारी एक पारदर्शक पट्टी. मासा आत सोडायचा, पट्टी हळूच पुढे आणायची. जागा अरुंद झाली की तो वळत नाही, कुशीवरून स्वच्छ दिसतो.

तेरेखोल नदीला मिळणाऱ्या आमच्या व्हाळात (ओढ्यात) वाकून बघितलं तर सगळेच बारके मासे मातकट, कारण वरून फक्त पाठ दिसते. गोवा-कर्नाटकातल्या ओढ्यांतला दुर्मीळ पेथिया सेतनाई मासा (संशोधक छापगर आणि साने यांनी 1992 मध्ये नोंदवलेला) ओळखायचा तर अंगावरचे दोन काळे उभे पट्टे बघावे लागतात. मला तो अजून मिळालेला नाही. पण एरवी ‘बारको मासो’ म्हणून सोडून दिले असते, त्यांचे आता नीट फोटो आहेत. शेजारचे आबा म्हणाले, “गो बाय, असल्या माशांचा सार तरी होता काय?” सार नाही होत, म्हणूनच त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशीतला इवलासा मासा 2020 मध्ये शास्त्रात नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आधी ओळख पटावी लागते, मग संरक्षण.

आता तक्रारी. खालचा सांधा पहिल्याच दिवशी गळला. सिलिकॉन लावून घ्यावं लागलं. बारीक वाळूने ओरखडे लगेच पडतात, म्हणून पाण्यात बुडवूनच धुवायची, कोरड्या फडक्याने पुसायची नाही. माशामागे लावायचा सोबतचा पांढरा कागद तर निरुपयोगी, रुपेरी मासा त्यावर दिसेनासा होतो. मी राखाडी पुठ्ठा वापरते.

एवढंसं पाणी उन्हात पटकन तापतं. पेटी सावलीत ठेवा, पाणी त्याच व्हाळाचं घ्या (नळाचं अजिबात नको), हात ओले करूनच मासा उचला आणि फोटो झाला की त्याच कोंडीत (डोहात) सोडा, दुसऱ्या व्हाळात नाही. मोबाईलचं लोकेशन बंद ठेवा. शोभेच्या माशांसाठी जाळं घेऊन येणाऱ्यांना आयता पत्ता कशाला द्यायचा?

काचवाल्याकडून अशीच पेटी करून घेता येईल, पण व्हाळातल्या दगडांवर काच टिकणार नाही. त्यामुळे हीच घ्या, फक्त आधी घरी पाणी भरून रात्रभर ठेवा. गळली तर लगेच परत करा.